दाराच्या फटीवरची पट्टी

आमच्या प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीला एकच दार आहे आणि त्याच्या फटीवर पातळ कागदाची एक पट्टी चिकटवलेली असते. हवेने तिला सदैव आत ओढून धरले पाहिजे. आतली हवा बाहेर येता कामा नये, कारण त्या खोलीत आम्ही क्षयाचे जंतू वाढवतो. पट्टी पाहिल्याशिवाय मी दाराला हात लावत नाही. सहकारी यावरून माझी थट्टा करतात, आणि मी त्यांच्याशी मुद्देसूद भांडतो.

त्या हिवाळ्यात आलेल्या नमुन्यांत एक माझ्या धाकट्या बहिणीचा होता. ती मुलांना पोहायला शिकवते. नेहमीच्या औषधांना तिचा क्षय दाद देईना. एकेकट्या औषधावर आता भिस्त ठेवता येणार नाही, दोन-तीन औषधांचा मेळ लागू पडला तरच ती वाचेल, असे डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितले. तो मेळ शोधणे हेच माझे काम. बहिणीचे मागणे साधे होते.

"दादा, तलावावर पुन्हा शिट्टी वाजवायचीय मला. तेवढं जमव, मग तुझे सगळे वाद जन्मभर ऐकेन."

तिचे जंतू मी निरनिराळ्या औषधांच्या नळ्यांत घातले. जंतू तगून वाढू लागले की नळीच्या तळाशी नारिंगी उजेड दिसतो. एकेकट्या औषधाच्या साऱ्या नळ्या उजळल्या. त्याच सकाळी मी दाराशी आलो, तेव्हा पट्टी बाहेर आली. मग आत गेली. मग पुन्हा, सावकाश, बाहेर.

मी काम थांबवले आणि हवायंत्रांच्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने दाबाचा काटा पाहिला; काटा अचल होता. त्याने फटीशी धूर सोडला. धूर सरळ आत गेला. आणि त्या धुरातच पट्टी बाहेर झुलली.

"खोलीला दम लागलाय, साहेब," तो म्हणाला. मी त्याच्याशी बराच वेळ वाद घातला. तो हसत होता, पण जाताना पट्टीकडे पाठ न करता गेला.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर उभा राहून मी बहिणीला रुग्णालयात फोन केला. तिला खोकला आला आणि पट्टीला हिसके बसले. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई घोरताना कशा शिट्टी वाजवतात, हे सांगताना ती हसू लागली; पट्टी थरथरत नाचली.

"माझ्या नळ्यांचं कसं चाललंय?" तिने विचारले.

काम ठीक चालले आहे, असे मी सांगितले.

काटा आणि धूर बिनचूक होते, म्हणून मी काम पुन्हा सुरू केले. पुढे तीन औषधांच्या एका मेळाच्या नळ्या काळोख्याच राहिल्या. मी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा काळोख. बिनऔषधाची नळी मात्र ठणठणीत उजळलेली, म्हणजे चूक माझ्या हाताची नव्हती. अंधार पाहून इतका हरखलेला माणूस दुसरा नसेल. अंगरखा, मुखपट्टी अशा थाटात मी एक गिरकी घेतली, आणि काचेपलीकडून सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी तीच औषधे सुरू केली. बहिणीचा ताप उतरला, गालांना रंग आला, रुग्णालयातल्या जेवणावर ती सडकून टीका करू लागली. पट्टीचे हिसके थांबले. निरोगी माणूस झोपेत श्वास घेतो तशी ती आत-बाहेर होत राहिली. तंत्रज्ञ पट्टीची विचारपूस करू लागला, आणि मीही वाद सोडला.

उपचार पूर्ण झाले, सर्व तपासण्या निर्दोष आल्या आणि बहीण तलावावर परतली. मी मुद्दाम गेलो. तिने शिट्टी तोंडाला लावली. लांब, खणखणीत सूर निघाला, तो संपेचना. मुलांनी आनंदाने धडाधड उड्या मारल्या. तिने शिट्टी काढली तेव्हा ती जराही धापा टाकत नव्हती.

"पाहिलंस, दादा?"

"पाहिलं," मी म्हणालो. डोळे भरून आले होते.

आम्ही काठावर चहा घेऊन बसलो. ऊन कोवळे होते, वारा नव्हता, मुले पाण्यात कल्ला करत होती. तिच्या पेल्यातली वाफ सरळ वर जात होती. चहा फार गरम आहे, असे म्हणत तिने ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली.

वाफ वाकली, दाराशी सोडलेल्या धुरासारखी तिच्या ओठांकडे गेली, आणि आत शिरली.

तिने पुन्हा फुंकर घातली. मी बाहेर येणाऱ्या श्वासाची वाट पाहत राहिलो.