आरशातला हात

डंपर मागे घेताना आरशात जो हात दिसेल तो ऐकायचा, हा ड्रायव्हर लोकांचा नियम. हात कोणाचा, ते बघायचं नाही. म्हणून सामरवरणीच्या तळ्यात मुरूम ओतायला निघालेल्या वाल्मिकला आरशात एक हात 'थांब' म्हणताना दिसला, तेव्हा त्याने करकचून ब्रेक दाबला. हातात निळ्या बांगड्या आहेत, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं.

तो उतरून मागे गेला. एक तरुणी चपला हातात घेऊन घोटाभर चिखलात उभी होती.

"मरायचंय का तुमले, मॅडम?"

"मला नाही. आणि त्यालाही नाही," तिने छत्रीच्या टोकाने दाखवलं.

शिंगाड्याच्या पानांवर लांब शेपटीचा एक कमळपक्षी चार अंडी पोटाशी धरून बसला होता.

"मादी आहे?"

"नर. मादी अंडी घालून निघून जाते. उबवणं, पिल्लं वाढवणं, सगळं याच्या गळ्यात."

"आमच्या धुळ्याकडे असं नाही चालत."

"मग धुळ्याकडच्या बायकांचं कठीणच आहे."

ती अलका. मूळची गुहागरची, टोकरखाड्याच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. एक्क्याण्णवचा श्रावण होता, चार दिवसांची उघडीप मिळाली की भराव जोरात सुरू व्हायचा. दोन वर्षांत तिने इथली दोन तळी बुजताना पाहिली होती. पहिल्यावर कारखाना आला, अडई बदकं गेली. दुसऱ्यावर कॉलनी आली, जांभळ्या पाणकोंबड्या गेल्या. हे तिसरं.

"पंधरा दिवस हा कोपरा सोडाल? पिल्लं निघेपर्यंत… सोडा ना."

त्या 'ना'वर वाल्मिक विरघळला. उगाच का खोटं बोला.

तो रोज दुसऱ्या टोकाला मुरूम टाकू लागला. शाळा सुटली की ती यायची. तो गाडीतून उतरायचा, आणि दोघं पक्ष्याकडे कमी, एकमेकांकडे जास्त बघायचे…

बाराव्या दिवशी मुकादम नारायण म्हणाला, "शेठचा निरोप आहे. आज तो कोपरा भरा."

तळ्याच्या त्या बाजूला जायला एकच बांध होता, जेमतेम डंपरच्या रुंदीचा. वाल्मिकने रिकामी गाडी तोंडाकडून बांधावर नेली, मधोमध उभी केली आणि किल्ली खिशात घातली.

"बंद पडली का?" नारायणने विचारलं.

"नाही. मी बंद केली."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. अंडी फुटेपर्यंत गाडी हलनार नाही."

मागे रस्त्याच्या कडेला चार गाड्या खोळंबल्या. पण दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही, हाही नियमच. ड्रायव्हर लोक बिड्या ओढत बसून राहिले. नारायण शिव्या देऊन दमला.

तीन दिवस वाल्मिक केबिनमध्ये ठाण मांडून बसला. अलका डबा आणायची.

"तांदळाची भाकरी? ही तर बिनदाताचा म्हातारा पन खाईल."

"मग परत द्या डबा."

"असं कुठं म्हटलं मी…"

तिसऱ्या दुपारी पिल्लं निघाली. बापाने पंख जरासे उचलले, चौघांना खाली घेतलं आणि पानांवरून चालत पलीकडच्या भातशेतीच्या पाण्यात निघून गेला. पंखांखालून काटकुळे पाय लोंबत होते. अलका रडत होती आणि हसतही होती.

"तळं तर आता जाईलच," वाल्मिक म्हणाला.

"जाईल. पण पुढचं, किलवणीचं तळं जाऊ देणार नाही. तिथे येईल त्या गाडीमागेही उभी राहीन."

"एकटी?"

ती हसली आणि डंपरच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काढ आता गाडी, आणि चालता हो," नारायण ओरडला.

वाल्मिक चढला. बांध अरुंद, दोन्हीकडे पाणी. आरशात निळ्या बांगड्यांचा हात आला. 'ये… अजून ये…' तो इंच इंच मागे येत राहिला. बांध संपला. चाकं डांबरी रस्त्याला लागली. आता हात खाली यायला हवा होता.

तो आला नाही. 'ये,' म्हणतच राहिला.

वाल्मिकने इंजिन बंद केलं, किल्ली नारायणच्या हातात ठेवली आणि पायी त्या हाताकडे निघाला. नियम म्हणजे नियम.