डब्यातली टोपली

सावरखेड्याच्या स्टँडवर, बायकांच्या संडासात, भिंतीला एक डबा बसवलेला आहे. स्टीलचा, हात सहज पोचेल इतक्या उंचीवर. झाकण आत ढकलायचं, पॅड टाकायचं, हात काढला की स्प्रिंग झाकण आपोआप ओढून घेते. डबा बसवला त्या दिवशी नारळ फुटला, हारतुरे झाले, आणि फोटोत झाडून सगळे पुरुष होते. नळाला पाणी मात्र अजून आलेलं नाही.

त्या सोमवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, ते झाकण मिटेना.

झाडणाऱ्या विमलताईंनी दोनदा ढकलून पाहिलं. अर्धं मिटायचं आणि अडकायचं. त्यांनी हातमोजा चढवून बोटं आत घातली. बिजागरीत चांदीची साखळी अडकली होती. ओढली, तर तिच्यामागे चांदीचा अख्खा गोंडा बाहेर आला. पिशवीत हात घातला, तर त्याचा जोडीदारही सापडला.

विमलताई ओरडतच समोरच्या पोलीस चौकीत गेल्या.

फौजदार अर्पिता गावंडे हिने जोडी टेबलावर ठेवली. ती बाभुळगावची, कास्तकाराची मुलगी. या चौकीत येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. पण ही वस्तू ओळखायला कोणाला विचारायची गरज नव्हती. बंजारा समाजातल्या लग्न झालेल्या बाईच्या दोन्ही कानशिलांवर, केसांत गुंफून लोंबते ती ही टोपली.

"ही आज सकाळी डब्यात होती?"

"ना जी. सकाळीच रिकामा केला, नवी पिशवी लावली."

"कोण आलतं संडासात?"

"बाजाराचा दिवस हाय, मॅडम. अर्धा तालुका येऊन गेला."

हवालदार पूनमसिंग शेजारी उभा होता. तो स्वतः तांड्यावरचा. "चोरीचा माल असंल," तो म्हणाला. "चोरानं लपवला."

"चोर चांदी अशी टाकून कायले देईल? तेही पॅडच्या डब्यात?" अर्पिताने टोपली उजेडात धरली. कडीत काळा दोरा होता, दोऱ्यात पिकलेले चार केस. दोरा तुटलेला नव्हता, कापलेलाही नव्हता. गाठ सावकाश सोडवलेली होती. "हिसकून घेतलेली नाही ही. बसून काढली आहे. पूनमसिंग, बाई हे कधी काढते?"

पूनमसिंगने वाकून गाठ पाहिली.

"आताच्या पोरी घालतच नाईत. जुन्या बाया झोपताना बी काढत नाईत. माह्या आजीनं एकदाच काढलं."

"कधी?"

"आजा गेला तवा."

आसपासच्या तांड्यांच्या नायकांना फोन झाले. कोणाकडे मयत? कुठेच नाही. उलट मागच्या आठवड्यात रामसिंगच्या मुलीचं लग्न थाटात झालं होतं. मेलं कोणीच नव्हतं आणि टोपली तर उतरली होती.

तेवढ्यात बसंतीबाई आली.

ती दर बाजाराला यायची. धाकटा भाऊ देवसिंग होळीपासून दिसला नव्हता. आधीच्या साहेबाने तिची तक्रार घेतलीच नव्हती. देवसिंग हैदराबादला कामावर आहे, मुलाला फोन करतो, असं त्याच्या घरचेच सांगत होते. मग हरवला कोण? असा साहेबाचा हिशोब. बसंतीबाईचा प्रश्न साधा होता. सख्ख्या बहिणीला होळीपासून एक फोन का नाही? त्या प्रश्नाला कोणी विचारत नव्हतं. ती यायची, बाकावर बसायची, शेवटच्या गाडीने परत जायची.

आज ती बाकापर्यंत गेलीच नाही. टेबलाकडे पाहून थबकली.

"हे माह्या मायचं हाय," ती म्हणाली. "मायनं सुनेले देलं. हंसाच्या डोक्यात असते."

"हंसाबाई म्हणजे देवसिंगची बायको? नक्की?"

"रामसिंगच्या पोरीच्या लग्नात मीच तिची वेणी घातली वं बाई. हा दोरा माह्या हातचा हाय." तिने कडी उलटी करून आतली वाकलेली पाकळी दाखवली. "लहानपणी मीच चावलती." आणि मग ती मटकन खाली बसली. "हंसाले कोणं मारलं? आधी माहा भिया गेला, आता भावजय..."

अर्पिता उठलीच. चौकीशेजारी गॅदरिंगच्या कपड्यांचं दुकान होतं. बाहेर कोळ्याचा, शिपायाचा, बंजारा नाचाचा पोशाख, सगळे दागिन्यांसकट टांगलेले. त्यांच्या सावलीत लावलेली जीप पूनमसिंगने बाहेर काढली. तांडा फार लांब नव्हता, पण बसंतीबाई वाटभर एकच बडबडत होती, की जिवंत असू दे.

हंसाबाई जिवंत होती. दारातल्या निंबाखाली तूर पाखडत बसली होती. आणि तिच्या दोन्ही कानशिलांवर टोपली लखलखत होती.

बसंतीबाईने तिला कवटाळलं, रडली, हसली. हंसाबाईने मात्र हात वर केले नाहीत. एप्रिलचं ऊन, पानसुद्धा हलत नव्हतं, आणि बाईने ओढणी दोन्ही दंडांवर घट्ट लपेटलेली.

अर्पिताने रुमालातली जोडी समोर धरली. "ही तुमची?"

"माह्ये तं माह्या डोक्यात हायेत."

"तुमची नणंद म्हणते, तिच्या आईची आहे."

"तिले दिसत नाई आता. म्हातारी झाली."

"आज बाजाराला गेल्या होत्या?"

"गेलती. मीठमिरची आनली."

"मालक कोठं हायेत तुमचे?"

"हैदराबादले. इमारतीच्या कामाले."

"फोन येतो?"

"पोराले येते."

"तुम्ही बोलल्या कधी?"

हंसाबाईने सूप आपटलं. "मले फोन समजत नाई."

मुलगा राजकुमार शेताकडून आला. पंचविशीचा, रापलेला, पोलिसांची जीप पाहून चाल मंदावलेला. आल्या आल्या आईच्या आणि अर्पिताच्या मधे उभा राहिला.

"वडलांचा फोन कधी आला?"

"परवा. ठीक हाय म्हने."

"नंबर दाखव."

"दुसऱ्याच्या फोनवरून करते."

"ज्याच्या फोनवरून करतात त्याचा दाखव."

"डिलीट झाला."

"दर वेळी होतो?"

इतक्यात हंसाबाई सूप उचलायला वाकली. डोक्यावरचा पदर मागे सरला आणि टोपली पुढे झुलली. अर्पिताने ती एक क्षणच पाहिली, पण पुरलं. केसांत गुंफण नव्हती, दोरा नव्हता. मागे काळी पिन होती, पोरी शाळेत जाताना लावतात तसली.

"हंसाबाई," ती शक्य तितक्या हळू म्हणाली, "ओढणी जरा बाजूला करता?"

"कायले?"

"दंड दाखवा."

बाई हलली नाही. शेवटी बसंतीबाईनेच हात पुढे केला आणि ओढणी सरकवली. तिचा हात तसाच अधांतरी राहिला.

दोन्ही दंड उघडे होते. कोपरापासून वर, जिथे लग्नापासून चुडे होते, तिथे उन्हाचा स्पर्श न झालेली कातडी पांढुरकी दिसत होती. चुड्यांचे वळ अजून ताजे होते.

"चुडे फुटले," हंसाबाई म्हणाली.

"एकदम सगळे?"

अर्पिताला पुढे बोलायची मुळीच इच्छा नव्हती. पण बसंतीबाई तिच्याकडे पाहत होती, दर सोमवारी पाहायची तशी.

"डोक्यात आहे ती नाचाची टोपली," अर्पिता म्हणाली. "स्टँडसमोरच्या दुकानातली. आज बाजारात घेतली तुम्ही. संडासात जाऊन जुनी सोडवली, ही अडकवली. जुनी अशा ठिकाणी टाकली, जिथं कोणी हात घालणार नाही. झाकण आपलं आपण मिटतं, डबा कोणी उघडून पाहत नाही, पिशवी बांधून फेकतात. साखळी बिजागरीत अडकली नसती तर आज आम्ही इथं आलो नसतो."

"चांदी जळत नाई," हंसाबाई जमिनीकडे पाहत म्हणाली. "चुडे चुलीत घातले. चांदी जळत नाई, बाई. नदीले पानी नाई. अन् ते इकाचं नसते."

"घरात लपवायची. शेतात पुरायची."

हंसाबाईने एकदम मान वर केली. "शेतात नाई," ती पटकन म्हणाली.

अर्पिताने ते ऐकलं. राजकुमारनेही ऐकलं.

बसंतीबाईला मात्र आत्ता सगळं उमगत होतं, एकेक करून. टोपली उतरली. चुडे उतरले. "हंसा," ती म्हणाली, "माहा भिया कवा गेला वं?"

हंसाबाई ताठ उभी राहिली. आवाज एकदम कणखर झाला.

"मी मारलं त्याले. होळीच्या दिवशी. पिऊन आलता, मले मारून राह्यलता. कुऱ्हाड घातली. पोराले काई ठाव नाई. मले न्या."

पूनमसिंगने अर्पिताकडे पाहिलं. कबुली होती, कारण होतं. इथेच थांबलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती.

"तुम्ही मारलं नाही," अर्पिता म्हणाली.

"मीच मारलं!"

"होळीला मारलं असतं, तर टोपली होळीलाच उतरली असती. लोकांसाठी तुम्ही नाचाची घातली, पण खरी ठेवली नाही. तो गेल्यावर खरी एक दिवसही ठेवणाऱ्या बाई नाही तुम्ही. आणि मागच्या आठवड्यात लग्नात ती डोक्यात होती. बसंतीबाईनेच गुंफून दिली." तिने नणंदेकडे पाहिलं. बसंतीबाईने मान हलवली. "म्हणजे तोवर तुमच्या लेखी नवरा जिवंत होता. हैदराबादला होता. लग्नानंतर कोणी तरी तुम्हाला खरं सांगितलं. वडलांचा फोन येतो, असं होळीपासून कोण सांगत होतं?"

हंसाबाई धावत मुलाच्या पुढ्यात गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. एवढीशी बाई, त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"याडी, सरक," राजकुमार आईला म्हणाला.

"गप राय तू!"

"सरक, याडी." तो खाली बसला. तूर चिवडू लागला. "काल तिनं गाठोडं बांधलं. म्हने लग्नातबी तुहा बाप आला नाई, मी हैदराबादले जातो शोधाले. तिकीट काढून दे म्हने. मंग सांगतलं."

"काय सांगितलं?"

"होळीले बाबा पिऊन आलता. याडीले मारलं, मंग शेताकडं गेला. मी मागं गेलो. विहिरीपाशी आमची धराधरी झाली. मी लोटलं. कोरडी विहीर हाय, लई खोल नाई."

"लगेच मेला?"

"नाई. आवाज देऊन राह्यलता. राज्या, दोर टाक म्हने. शिव्या देत होता, मंग रडत होता. मी रागात होतो, मॅडम. म्हनलं, राहू दे रातभर, उतरंल त्याची. सकाळी दोर घेऊन गेलो."

पुढचं त्यानेच सांगितलं.

"सकाळी बोलतच नव्हता."

बसंतीबाईने तोंडात पदर कोंबला.

"तवा काहून नाई आला चौकीत?" पूनमसिंगने विचारलं. त्याचा आवाज हवालदाराचा राहिला नव्हता.

"याडीले काय सांगू? तिले वाचवाले गेलतो अन् तिचंच कुंकू..." त्याने हातातली तूर खाली टाकली. "वरून तुराट्या टाकल्या. माती लोटली. मंग फोन आला म्हनून सांगत गेलो."

दिवस मावळायच्या आत तुराट्या निघाल्या. देवसिंग तिथेच होता, विहिरीच्या भिंतीला टेकून बसलेला. कुऱ्हाडीची खूण कुठेच नव्हती. बसंतीबाई काठावर बसून राहिली. भाऊ सापडला होता. तिला आता दर सोमवारी कुठे जायचं नव्हतं.

राजकुमारला जीपमध्ये बसवलं. हंसाबाई मागच्या दाराशी आली. तिने डोक्यावरच्या दोन्ही पिना काढल्या आणि ती हलकी, चकचकीत जोडी अर्पिताच्या हातात ठेवली.

"आता कोनाले दाखवू?" ती म्हणाली.

खरी जोडी मुद्देमालात जाणार होती, सील लागून.

"एक सांग, बाई. मी ते खरं डोक्यात राहू देलं असतं, तं पोरगा वाचला असता?"

खोटं बोलावं असं अर्पिताला फार वाटलं. बाईच्या पांढुरक्या दंडांकडे पाहून ते जमलं नाही.

"हो," ती म्हणाली.

हंसाबाईने मान हलवली. हे तिला ठाऊक असावं.

"पन कसं राहू देऊ?" ती म्हणाली. "तो मेलता नं."