यादीतला अमुक तमुक

"पेशंट बहुतेक वाचेल," अधीक्षक फोनवर म्हणाले, "पण आमच्या मोठ्या सिस्टर वाचतील असं दिसत नाही. चार वाजता समिती बसतेय. त्याआधी या."

चौकशीबाई लगेच निघाल्या. पोलिसखात्यातून निवृत्त झाल्यावर त्या अशाच आतल्या चौकश्या करायच्या. मागून त्यांना सगळे 'चिमटा' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

प्रकरण वरवर अगदी सरळ होतं. मंगळवारी दुपारी एका बसचालकाला इंजेक्शन दिलं. ते त्याला चालणारं नव्हतं. श्वास कोंडला, रक्तदाब कोसळला, आणि आज गुरुवार उजाडला तरी तो यंत्रावरच होता. बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. मोठ्या सिस्टर समोरून गेल्या की ती तोंड फिरवायची.

सिस्टर म्हणत होत्या, सोमवारी मी टेस्ट घेतली, रिअॅक्शन आली, तसं कॉम्प्युटरवर लिहिलं. कॉम्प्युटर म्हणत होता, असं काही लिहिलेलंच नाही. आता हल्ली माणूस आणि कॉम्प्युटर यांच्यात खरं कुणाचं धरतात, हे काय सांगायला हवं? समितीने शिक्कामोर्तब केलं की सिस्टरांची नोकरी जाणार होती आणि नर्सची नोंदणीही.

बाईंनी सिस्टरांना एका रिकाम्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

"डॉक्टरांना तोंडी का नाही सांगितलं?"

"ते राऊंडला होते. पूर्वी आम्ही कागदावर लाल शाईने लिहून पलंगाला लावायचो. आता कागद बंद. जे काय ते पडद्यावर, असा हुकूम आहे. मंगळवारी माझी सुट्टी होती."

"पेशंटला माहीत नव्हतं?"

"तापाने बडबडत होता बिचारा. उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून टेस्ट डाव्या हातावर घेतली. हा एवढा लाल चट्टा उठला. लॅबच्या पानावर तसंच लिहिलं, डाव्या हातावर चट्टा, हे औषध देऊ नये. हे डावा-उजवा तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. बाकी कुणी एवढं विचारायची तसदीच घेतली नाही."

"लिहिलेलं पडद्यावर उमटलं?"

"उमटलं की. यादीत सगळ्यात वर. त्याच्या खाली कुणी अमुक तमुक नावाचा पेशंट होता. मला हसूच आलं. म्हटलं, लॅबमध्ये कुणीतरी टवाळकी करतंय."

बाई हसल्या नाहीत. खोटं बोलणारा माणूस असलं बिनकामाचं काही रचत नाही, एवढं त्यांना तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. पण सिस्टर कुणाला तरी पाठीशी घालत असतील, ही शंका त्यांच्या मनातून गेली नव्हती. कारण कॉम्प्युटर विभागात सिस्टरांचा सख्खा भाचा होता. थोरल्या बहिणीचा मुलगा, तिशीतला. मावशीच्या शब्दावर लागला म्हणून सगळं रुग्णालय त्याला 'भाचेबुवा' म्हणायचं. आणि हे सगळं पडद्यावरचं प्रकरण त्यानेच बांधलं होतं.

डॉक्टर घुश्शातच होते. त्यांनी सांगितलं की पडद्यावर स्वच्छ 'अॅलर्जी नाही' असं होतं, मग त्यांनी काय पंचांग बघायचं होतं का? बाईंनी विचारलं, कुणी काहीच लिहिलेलं नसेल तर पडदा काय दाखवतो? डॉक्टर जरा घुटमळले. तेव्हाही 'अॅलर्जी नाही'च दाखवतो, असं त्यांनी कबूल केलं. जाता जाता त्यांनी कुरकुर केली की नवीन जोडणीचा पहिलाच दिवस, सोमवार, नुसता वैतागाचा गेला. लॅबचा एकही रिपोर्ट दिसत नव्हता. संध्याकाळी सगळे एकदम आले, तेही आपोआप.

रुग्णालयात आपोआप काही होत नाही. बाईंनी कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांचं दार ठोठावलं.

साहेबांच्या कपाळावर आठ्या कायमच्या होत्या. आपली यंत्रणा निर्दोष आहे असं त्यांनी आधीच सही करून दिलं होतं, म्हणजे त्यांची मानही अडकलेलीच. सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, फक्त त्यांच्याकडे आणि भाचेबुवांकडे होत्या. बाई त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. साहेबांनी नाइलाजाने समजावून सांगितलं: पडदा म्हणजे खिडकी. समोर एकच. मागे माहितीच्या चार खोल्या, म्हणजे चार डेटाबेस. खिडकी एकाच वेळी सगळ्यांना जोडलेली. कुठलं पान कुठल्या खोलीत लिहील आणि कुठून वाचेल, हे त्या खोलीचं नाव देऊन ठरवलेलं.

"नावं काय आहेत?"

"रुग्ण, औषध, नमुने, नमुना."

"शेवटची दोन एकच ना?"

साहेबांनी सुस्कारा सोडला. नमुने म्हणजे लॅबचे, रक्ताचे वगैरे. नमुना म्हणजे नमुन्यादाखल, नव्या लोकांच्या सरावासाठी. दोन वेगळ्या वेळी दोन वेगळ्या शहाण्यांनी ठेवलेली नावं होती ती. त्यांची स्वतःचीही गफलत व्हायची.

सरावाचा वर्ग तळमजल्यावर होता. तिथल्या शिक्षिका वैतागून बसल्या होत्या. त्यांनी मेहनतीने बनवलेले सगळे खोटे पेशंट गायब झाले होते. मंगळवारी सकाळी वर्ग उघडला तर अमुक तमुक नाही, फलाणे बिस्ताणे नाहीत, सगळं कसं झाडून पुसून लख्ख. आजवर असं कधी झालं नव्हतं.

"मंगळवारी सकाळी? दुपारी नव्हे?"

"सकाळी. पहिल्या तासाला."

भाचेबुवा मात्र अगदी नम्र होता. खुर्ची दिली, पाणी विचारलं. डोळे तारवटलेले होते, पण मावशीवर असा प्रसंग आल्यावर कुणाचेही असतील.

"लॅबच्या जोडणीला हात लावला होता?"

"सोमवारी सकाळी सुरू केली. त्यानंतर नाही."

"मावशीशी बोललास या दोन दिवसांत?"

"नाही. चौकशी होईपर्यंत बोलायचं नाही, अशी ताकीद आहे. मावशीला वाईट वाटलं असेल."

"तुला काय वाटतं, तिने लिहिलं असेल?"

"मावशी खोटं बोलणारी नाही हो. पण डाव्या हाताची ती नोंद आमच्या यंत्रणेत कुठेच नाही. थकलेली असेल, सेव्ह करायचं राहिलं असेल."

बाईंनी त्याचे आभार मानले आणि पाणी न पिताच उठल्या.

साडेतीनला अधीक्षकांच्या खोलीत सगळे जमले. सिस्टर दाराजवळ उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, तेव्हा बाईंनीच खुर्ची पुढे सरकवली.

"सिस्टरांनी लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "पण ते चुकीच्या खोलीत गेलं. लॅबचं पान 'नमुने'ला जोडायचं, ते 'नमुना'ला जोडलं गेलं. एका मात्रेचा फरक. पान तिथेच लिहायचं आणि तिथूनच वाचायचं, म्हणून सिस्टरांना आपली नोंद दिसली, आणि खाली सरावातला अमुक तमुकही दिसला. लॅबवाले खऱ्या खोलीत लिहीत होते, म्हणून त्यांचे रिपोर्ट दिवसभर कुणाला दिसले नाहीत. संध्याकाळी कुणीतरी चूक गुपचूप सुधारली. रिपोर्ट आले, आणि सिस्टरांची नोंद मागे सरावाच्या खोलीत राहिली."

साहेबांचा चेहरा उतरला.

"किल्ल्या दोघांकडे आहेत. साहेब, पाळी तुमच्यावरही येऊ शकली असती. पण डावा हात पडद्यावरच्या त्या नोंदीशिवाय सिस्टरांनी फक्त मला सांगितला होता, बंद दाराआड. भाचा दोन दिवस मावशीशी बोललेला नाही, असं तोच म्हणाला. मग त्याला डावा हात कुठून कळला? त्याने नोंद वाचली होती."

साहेबांनी वळून भाचेबुवाकडे पाहिलं.

"म्हणजे दुर्घटनेनंतर घाबरून पुसली," डॉक्टर म्हणाले.

"नंतर नाही. मंगळवारी पहिल्या तासालाच ती खोली रिकामी होती. इंजेक्शन दुपारचं. ह्याने सोमवारी संध्याकाळीच वाचलं आणि पुसलं. पेशंट तेव्हा नुसता तापाने पडलेला होता."

सिस्टर इतका वेळ भाच्याकडे बघत नव्हत्या. आता त्यांनी पाहिलं.

"खरं का रे?"

"साहेब म्हणाले होते, आणखी एक चूक झाली तर घरी," तो खाली बघत म्हणाला. "नोंद हलवली असती तर कुणी हलवली ते दिसलं असतं. सगळंच पुसलं की सराव संपला असं वाटलं असतं. मला वाटलं, तू उद्या असशील, तोंडी सांगशील. तुझी सुट्टी आहे हे मला माहीत नव्हतं. आणि नंतर... मावशी, तू तर पुढच्या वर्षी निवृत्तच होणार होतीस."

मग साहेबांनी घसा साफ केला. समितीला 'तांत्रिक बिघाड' एवढंच कळवलं तर सिस्टर सुटतात, मुलाचंही आयुष्य वाया जात नाही आणि रुग्णालयाची बोंब होत नाही, असं त्यांनी सुचवलं. अधीक्षकांनी मान डोलावली. सगळे सिस्टरांच्या होकाराची वाट पाहू लागले. त्यांचाच भाचा होता, त्या नाही म्हणतील असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सिस्टर उठल्या.

"बिघाड लिहू नका," त्या म्हणाल्या. "बाहेर त्या माणसाची बायको बसलीय. तिला यंत्राचं नाव सांगून घरी पाठवणार का? याचं नाव लिहा."

"मावशी," तो म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. रडू येत होतं ते त्यांनी तसंच येऊ दिलं.

"फक्त समितीचं पत्र आज त्याच्या घरी पाठवू नका," त्या अधीक्षकांना म्हणाल्या. "आधी मी जाऊन येते. ताईला हे माझ्याच तोंडून कळू दे."