काठीचे पुढचे टोक

मी पाहिले तेवढेच सांगते. त्याचा अर्थ लावण्याचे धाडस मी करत नाही.

दृष्टिहीनांना गर्दीतून एकट्याने वाट काढता यावी म्हणून पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी एक पांढरी काठी तयार केली होती. तिच्या मुठीतले यंत्र समोरच्या अडथळ्याचे अंतर मोजते. अडथळा दीड मीटरच्या आत आला की मूठ थरथरते आणि अंतराचा आकडा माझ्या मोबाइलवर उमटतो. मे महिन्यात, आष्टीच्या आठवडी बाजारात, तिची पहिली चाचणी होती.

काठी जिजाबाईंच्या हाती होती. वय बासष्ट, दृष्टी ऐन तारुण्यात गेलेली. पूर्वी त्यांचे पती तानबाजी त्यांच्या बांबूच्या काठीचे पुढचे टोक धरून चालत आणि मूठ धरून जिजाबाई मागून येत. तीन वर्षांपूर्वी तानबाजी बाजारामागच्या नाल्याच्या पुरात गेले. तेव्हापासून मुलगा नागसेन आईला एकटीने उंबरा ओलांडू देत नव्हता.

"एकटी मिरची आनून दाखव," चहाच्या टपरीपाशी तो म्हणाला. "मंग दर हप्त्याले येजो. नाई जमलं तं हा हट्ट सोडजो."

"तू चाय पी. थंडी व्हायच्या आत येतो मी."

"काकू, मी पाच पावले मागे असेन," मी म्हटले. "पण बोलणार नाही. चाचणीचा नियम आहे."

"बेस हाय. हा तं बोलूनच जीव खाते."

टक्, टक् करत त्या कांद्याच्या ढिगांमधून निघाल्या. मोबाइलवरचे आकडे गर्दीबरोबर बदलत होते. मिरचीची ओळ जवळ आली आणि टकटक थांबली. काठीचे टोक जमिनीपासून वीतभर वर उचलले गेले होते. आकडा एक मीटरवर स्थिर झाला होता.

काठीच्या पुढे कोणीही नव्हते.

पोत्याखाली वाकलेला एक हमाल बाजूला सरला. तो जिजाबाईंकडे पाहत नव्हता. त्यांच्या पुढच्या मोकळ्या जागेकडे पाहत होता. जिजाबाई मात्र इतक्या सहज चालत होत्या की मला आनंद झाला. कोठेही धक्का नाही, अडखळणे नाही. म्हणून मिरचीची ओळ मागे पडली तरी मी नियम मोडला नाही. ती माझी चूक.

बाजार संपला. पुढे उतार होता आणि खाली नाला, चार महिन्यांपासून कोरडा. तरीही ओल्या गाळाचा वास येऊ लागला. जिजाबाईंचा हात पुढे ताणला गेला होता. आकडा... एक मीटर.

"काकू, थांबा!"

त्या आधीच थांबल्या होत्या.

"नागसेनचे बाबा..." त्या अगदी हळू म्हणाल्या. "हात वळखला मी. मिरचीपासूनच वळखला. पन पोरगा वाट पाहून राह्यला... सोडा."

काठी खाली आली नाही. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी तो झिडकारला.

"तू बी सोड!"

मग त्यांनी दोन्ही हातांनी मूठ आवळली आणि टोक खाली दाबले. मनगटांच्या शिरा तटतटल्या. किती वेळ गेला, सांगता येत नाही.

टक्.

त्या वळल्या. परतताना एका सायकलीला अडकल्या, सायकलवाल्यालाच झापले, वासावरून मिरची पारखली आणि टपरीपाशी येऊन पिशवी नागसेनच्या हातात दिली.

"चाय थंडी झाली," तो म्हणाला.

"मंग गरम करून घे."

त्याने पिशवीत बराच वेळ पाहिले. "पुढच्या हप्त्याले लसून बी आनजो," एवढेच तो बोलला.

जिजाबाईंनी काठी मला परत दिली. "पोरी, माह्यी बांबूचीच बरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, भरपूर उजेडात, मी प्रयोगशाळेत ती तपासायला घेतली. समोरची भिंत चार मीटरवर होती. आकडा एक मीटर आला. मी बॅटरी बदलली, मग यंत्रच बदलले. एक मीटर. गाळाचा वास आला तेव्हा खिडक्या बंद होत्या.

मग मीही दोन्ही हातांनी मूठ आवळली आणि टोक फरशीकडे दाबले. सारे बळ लावून दाबले.

टक् झाले नाही.