जिन्यावरचा बाक

टेबल-लॅम्प बाकावर ठेवून ती दोन पायऱ्या चढली असेल-नसेल, तोच मागे खुट्ट झालं. वळून पाहते तर लॅम्प एका उंच तरुणाच्या काखेत!

"अहो… माझा हात तरी निघू द्यायचा होता!"

तो चोरी पकडल्यासारखा जागीच थबकला. "टाकलेला नव्हता का?"

"टाकलेलाच होता. पण इतकी घाई?"

"काल अंधारात चहात मीठ घातलं मी," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि प्यायलोसुद्धा."

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून जरा जास्तच वेळ रेंगाळलं.

त्या इमारतीची एक गंमत होती. जिन्याच्या वळणावर लाकडी बाक होता. घरात नको झालेली वस्तू तिथे ठेवायची, हवी त्याने न्यायची, आणि एकदा नेली की परत मागायची नाही. या नियमावरून तळमजल्यावरच्या काकूंनी सख्ख्या जावेशी अबोला धरला होता, पण नियम मोडला नव्हता.

तो वरच्या मजल्यावर नवाच राहायला आला होता. रोपवाटिकेत कामाला होता. एक बॅग आणि ढीगभर रोपं एवढाच त्याचा संसार. आणि ती चष्म्याच्या दुकानात काम करणारी, घर आवरायला निघालेली. बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. परगावी राहणाऱ्या ताईचा रोज फोन यायचा. "चिमणे, घर भाड्याने देऊ आणि तू माझ्याकडे ये. कपाटातला एक कप्पा रिकामा केलाय तुझ्यासाठी. एकच हं! तिथे एकटी काय करणार? आहे कोण तुझं तिथे?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ती हो म्हणाली होती… आणि आता एका कप्प्यात मावेल एवढंच आयुष्य निवडत बसली होती.

दुकानातून आली की पदर खोचायचा, एक कोपरा उपसायचा. वेताची खुर्ची गेली, पडदे गेले, कान तुटलेले कप गेले. बाकावर काही ठेवलं की वरच्या जिन्यात पावलं वाजायचीच. मग तिलाही सवय लागली. एका खेपेत नेता येईल ते सामान ती मुद्दाम तीन खेपांत नेऊ लागली.

"कान तुटलेले कप कशाला हो तुम्हाला?"

"तुळस लावतो, पुदिना लावतो. रोपाला कानाचं काय काम?"

"आणि हा एकच हातमोजा?"

तो विचारात पडला. "…एक हात गारठलेला असला तर?"

बोलताना त्याच्या मनगटावर नेहमी ओली माती असायची. तिचा वास नंतर कितीतरी वेळ जिन्यात दरवळायचा. ती रिकाम्या होत चाललेल्या घरात उगाचच दार उघडं ठेवून बसायची.

आणि मग एका दुपारी तिला एकदम आठवलं. बटणांचा पत्र्याचा डबा सकाळी बाकावर ठेवला होता… आणि त्यातच बाबांचा चष्मा होता! धूळ लागू नये म्हणून तिनेच ठेवलेला. ती धावत सुटली. बाक रिकामा. आता मागायचं कुठल्या तोंडाने?

वरच्या दाराशी ती अवघडून उभी राहिली.

"मागायला नाही आले हं… नुसतं बघायला."

"या ना," तो बाजूला झाला.

ती आत गेली आणि बघतच राहिली. तिची खुर्ची, तिचा लॅम्प, तिचेच पडदे वाऱ्यावर हलत होते. खिडकीत कपांची रांग, प्रत्येकात कोवळं हिरवं काहीतरी. जे तिच्याकडे अडगळ होतं, ते इथे घर झालं होतं. आणि कपांच्या शेजारी, स्वच्छ रुमालावर, बाबांचा चष्मा.

"हा चुकून आलाय, हे कळलं होतं मला," तो म्हणाला. "काचा किती लखलखीत! कुणीतरी रोज पुसतं याला."

तिचे डोळे भरून आले. "मग आणून का नाही दिलात?"

"दिला असता तर…" तो कपातली माती चाचपत राहिला. "तुम्ही वर आला नसतात."

पडदा फुगला, खाली बसला.

"कधी निघताय?"

"रविवारी."

"हं…" एवढंच म्हणाला. थांबा म्हणाला नाही. चष्मा मात्र रुमालासकट तिच्या हातात ठेवला. तिला त्याचा राग आला, आणि जिना उतरताना पायऱ्या धूसर दिसल्या त्या रागामुळेच, असं तिने स्वतःला पटवलं.

रविवारी घर अगदी मोकळं झालं. ती बॅग घेऊन निघाली आणि बाकापर्यंत आली. पुढे पाय निघेना. ती बसली. बॅग मांडीवर घेतली आणि ताईला फोन लावला.

"ताई… तो कप्पा दुसऱ्या कशाला तरी वापर. तू विचारत होतीस ना, इथे माझं कोण आहे म्हणून? विचारून सांगते."

फोन ठेवते तोच वर पावलं वाजली. तो धापा टाकत खाली आला. हातात पुदिन्याचा कप. तिला पाहून पाय रोवल्यासारखा थांबला.

"गेला नाहीत? मी स्टेशनवर निघालो होतो… थांबा म्हणायला."

"इतक्या उशिरा?"

"सकाळपासून शब्द जुळवतोय." मग त्याने बाकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आवाज एकदम हळवा झाला. "हे… कुणी ठेवलंय इथे?"

"मीच," ती म्हणाली. गाल तापले, पण नजर हलली नाही. "हवं असेल त्याने न्यावं. नियम ठाऊक आहे ना?"

"परत मागायचं नाही."

"मग विचार करून सांग."

तो मात्र तिला न्यायच्या ऐवजी कप सांभाळत शेजारीच बसला, खांद्याला खांदा लावून. "थांब," म्हणाला, "आधी मलाही ठेवू दे."

तळमजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन वर आल्या, दोघांना निरखून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"वाट अडवू नका रे. एकमेकांना घेऊन वर जा!"