माशीची गोळी

डॉ. बुशरा मणेर यांनी तिसऱ्यांदा मोजपट्टी लावली आणि तिसऱ्यांदा मान हलवली. सारिकाआत्याच्या पोटरीवरची काळी गाठ होती तेवढीच होती. अठरा मिलिमीटर!

"पहिल्या सुईनंतर सहा मिलिमीटरनं आक्रसली आणि दुसऱ्या सुईनंतर ढिम्म! औषध तेच, माणूस तेच. मग बिनसलं कुठे?"

अकरा वर्षांची मनवा आत्याला खेटून बसली. गाठ कर्करोगाची होती. जांघेत तिची वाटाण्याएवढी पिल्लूगाठही निघाली होती. आज तिसरी सुई, म्हणजे शेवटची संधी. ती वाया गेली तर आत्याला वाचवायला दुसरा उपाय हाताशी नव्हता. आणि आत्याशिवाय मनवाला होतं कोण? महाबळेश्वरच्या डोंगरउतारावरच्या चाळीस मधपेट्या दोघी मिळून सांभाळायच्या.

"दुसऱ्या सुईनंतर ताप आल्याची नोंद नाही," भुंगा म्हणाला. भुंगा म्हणजे दवाखान्याचा उडता यंत्रमानव. २०४८ साली गावोगावी असे यंत्रमानव फिरत. हा घूं-घूं करायचा, म्हणून गावानं त्याचं बारसंच करून टाकलं होतं.

"मग चांगलंच की!" मनवा उसळली. "तुम्ही सुईतून विषाणू टोचता म्हणे! आजारी माणसाला आणखी आजार? हे म्हणजे आगीतून फुफाट्यात!"

डॉक्टर हसल्या. "बरं, मधपेटीच्या दाराशी कोण असतं?"

"पहारेकरी माश्या. वास घेतात. घरची असेल तर आत, परकी असेल तर हाकलून देतात!"

"शाब्बास! तुझ्या अंगातही असे पहारेकरी आहेत. रोगप्रतिकारक पेशी (रोगजंतूंना ओळखून मारणाऱ्या पेशी). पण कर्कपेशी (बेसुमार वाढत सुटलेली आपलीच पेशी) परकी नसते. तिला घरचाच वास येतो."

"घरभेदी!" मनवा ओरडली. "म्हणून तिला कुणी अडवतच नाही!"

"बरोब्बर! आता आमचा विषाणू (पेशीत शिरून आपल्या प्रती काढणारा अतिसूक्ष्म कण). प्रयोगशाळेत आम्ही त्याला असा बदललाय, की निरोगी पेशीत त्याचं काही चालत नाही. कर्कपेशीत मात्र तो धुडगूस घालतो. एकाचे हजार होतात आणि पेशी फुटते. तिचे तुकडे, विषाणूंचे तुकडे, सगळं बाहेर सांडतं. मग पहारेकऱ्यांना वास लागतो..."

"आणि मोहोळ उठतं!"

"उठतं! अंग तापतं, गाठ लाल होते. तो ताप म्हणजे मोहोळाचं घोंघावणं. पण दुसऱ्या वेळी मोहोळ उठलंच नाही गं. जणू कुणीतरी धूर दिला."

धूर! पेटी उघडताना माश्या चवताळू नयेत म्हणून त्या दोघी रोज धूर देत. मनवाला एकदम आठवलं. पहिली सुई साताऱ्याच्या दवाखान्यात टोचली होती, दुसरी इथे घरी. त्या संध्याकाळी आत्याचा पाय लाल झाला, अंग कोमट लागलं आणि मनवानं...

ती धावत जाऊन फळीवरचा पत्र्याचा डबा घेऊन आली.

"यातल्या गोळ्या मी आत्याला दिल्या. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. पायाला सूज आली म्हणून." तिला रडूच फुटलं. "माझ्यामुळं झालं ना?"

डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "सारिकाताई! मी विचारलं होतं ना, दुसरं काही औषध घेता का?"

"औषध कुठलं?" आत्या गोंधळली. "ही तर माशीची गोळी! डंखाची सूज मारते. आमच्याकडं सगळ्याच मधवाल्यांच्या घरी असते."

"अहो, डंखाची सूज तुमचे पहारेकरीच आणतात, आणि ही गोळी त्यांनाच झोपवते!" डॉक्टर ताडकन उठल्या. पण चेहरा उजळला होता. "मनवा, डोळे पूस. औषध हरलंच नव्हतं! भुंग्या, सुई काढ!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या कुडकुडायला लागली. मनवानं डब्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भुंग्यानं आकडा सांगताच ती अंगणात नाचत सुटली, "ताप आला! आत्याला ताप आला हो!"

"कार्टे, पेढे वाटतेस की काय आता?" शेजारच्या पवारकाकू कुंपणावरून ओरडल्या.

दीड महिन्यानं डॉक्टर परत आल्या. पोटरीवरची गाठ सात मिलिमीटरवर आली होती.

"जांघेतली गाठ," भुंगा म्हणाला, "सापडत नाही."

"नीट बघ रे," आत्या म्हणाली. "तिला तर सुई टोचलीच नव्हती!"

भुंग्यानं पुन्हा पाहिलं. नव्हतीच!

"मला कळलं!" मनवानं उडीच मारली. "एकदा चोराचा वास कळला की पहारेकरी घरभर हुडकतात!"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांच्या बाबतीत अजून असं होत नाही. का होत नाही, ते तुम्ही पोरांनी शोधायचं."

"शोधीन की!"

आत्या पाय टेकून उभी राहिली. जाळीची टोपी घ्यायला तिनं फळीकडं हात नेला आणि थबकली. पत्र्याच्या डब्यावर मनवाच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: 'हेसुद्धा औषधच आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आत्यानं तर मुळीच नाही!'

आत्यानं तिला जवळ ओढलं आणि टोपी तिच्याच डोक्यावर चढवली. "चल गं डॉक्टरीणबाई, चाळीस पेट्या वाट बघतायत."