सरूच्या पोटाचा निवाडा

ठकूबाईने सरूच्या पोटावर हात ठेवला आणि क्षणात तिला सारं उमगलं... मूल नव्हतं. टणक, ओबडधोबड गाठ होती; कितीही चाचपलं तरी आत काही हलत नव्हतं. शिवाय दोन महिने अंगावरून जाणं थांबलेलंच नाही, असं पोरगीच सांगत होती.

"कितवा म्हैना हाय?" दाराशी उभ्या साळुबाईने मान खाली घालून विचारलं. "काय झाडपाला आसंल तो दे, ठकू. रांडमुंड पोर माझी... भावकीला कळलं तर जित्ती न्हाई ठेवायची."

भावकीचं नाव साळुबाईने घ्यावं! ठकूबाईच्या अंतःकरणात बारा वर्षांचा दाह पुन्हा उसळला. प्लेगात नवरा गेला आणि वर्षभरात तिचंच पोट वाढू लागलं. तेव्हा पिंपळवंडीच्या मारुतीच्या देवळात भावकी बसवून याच थोरल्या जावेने बोट दाखवलं होतं, "हिच्या पोटात पाप हाय." नेसत्या लुगड्यानिशी तिला वेशीबाहेर घातलं. जुन्नरच्या रहिमाबी सुइणीने तिला घरात घेतलं, पोट चाचपलं, गाठ ओळखली आणि बैलगाडीने पुण्याला बायकांच्या दवाखान्यात नेलं. मडमीण डॉक्टरने नारळाएवढी गाठ काढली, जीव वाचला... पण गेलेली अब्रू कोणत्या दवाखान्यात मिळते? रहिमाबीच्या हाताखाली शिकून ठकूबाई सुईण झाली, एवढंच.

"आधी देवळात भावकी बसव," ती थंडपणे म्हणाली. "माझ्या पोटात काय व्हतं ते तुझ्या तोंडानं सांग. मग हिच्या पोटात काय हाय ते मी सांगंन."

मायलेकी गेल्या, आणि खोटं कशाला बोला, ठकूबाईला त्या दिवशी भाकर फार गोड लागली.

पाचव्या दिवशी गाडी दारात आली. साळुबाई उतरली ती थेट ठकूबाईच्या पायांवर कोसळली.

"सांगितलं बाई समद्यांम्होरं... रहिमाबीनं तवाच सांगावा धाडला व्हता, गाठ व्हती म्हनून. तुझ्या वाट्याच्या रानापायी मी गप बसले. आता थुंकतंय गाव माझ्यावर. माझ्या पोरीचं सांग!"

"पोर न्हाई, गाठ हाय. तुझी सरू निर्मळ हाय. आजच पुण्याला निघू."

साळुबाई ओक्साबोक्शी रडू लागली. गाडीतली सरू मात्र रडली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काकी, तुमाला त्याच दिशी कळलं व्हतं?"

ठकूबाईला खोटं बोलता आलं असतं. "व्हय," ती म्हणाली.

"मी रोज शपथा घेत व्हते. आईनं गोठ्यात कोंडलं मला. रगात जात व्हतं, कुनी पानी देईना... तुमी एक सबूद बोलला आसता तर?"

बारा वर्षं जिच्या नावाने तळतळाट केला, त्याच बाईसारखी आपणही सारं ठाऊक असून गप्प बसलो... आणि तेही कोणापुढे, तर एका निरपराध लेकरापुढे! तिने गाडीचा दांडा घट्ट धरला.

"जाऊबाई," बारा वर्षांत प्रथमच तिने तशी हाक मारली, "पुन्यास्नं आलो की परत भावकी बसवा. ह्या खेपंला माझा गुना सांगाया मी उभी ऱ्हानार."

साळुबाईने डोळे पुसले. मग ती गाडीत चढली आणि पेंढ्यावर थोडं सरकून तिने धाकट्या जावेला आपल्या शेजारी जागा करून दिली.